पांढरीवर कुदळ मारण्याआधी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत जमिनीतून जुनी वस्तू वर आली की तिच्यामागोमाग एक युक्तिवादही येतो. विहिरीच्या खोदकामात विष्णूची मूर्ती निघते, घराचा पाया घेताना नाण्यांचं गाडगं लागतं, रस्ता रुंद करताना वीरगळ उघडा पडतो. तासाभरात गाव गोळा होतं. मूर्ती धुतली जाते, तिला हळदकुंकू वाहिलं जातं, फोटो मोबाइलवर फिरतात आणि दिवस मावळायच्या आत ती मारुतीच्या पारावर जाऊन बसते. लगेच मागणी सुरू होते की इथं अजून खोदा, खाली अख्खं देऊळ असणार. मूर्ती होती तिथंच दोन दिवस राहू द्यायला हवी होती, कोणा जाणकाराला बोलवायला हवं होतं, असं कोणी म्हणालंच तर उत्तर तयार असतं: वस्तू हाती आली ना? वाचली ना? मग ती कुदळीनं निघाली काय आणि जेसीबीनं निघाली काय, फरक काय पडतो?

हे उत्तर अडाणीपणातून येत नाही. शिक्षक, पत्रकार, सरपंच, इतिहासावर मनापासून प्रेम करणारी माणसं ते देतात. त्यामागे गावाचा अभिमान असतो आणि सरकारी दिरंगाईचा अनुभवही असतो. म्हणून ते झटकून टाकता येत नाही, त्याला नीट उत्तर द्यावं लागतं. आणि ते द्यायचं तर त्या युक्तिवादाच्या सर्वांत भक्कम आधारापासून, म्हणजे तेरपासून सुरुवात करायला हवी.

तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या शहराचा उल्लेख येतो. तिथलं सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे. हे तगर म्हणजेच तेर, हे १९०१ साली फ्लीट या अभ्यासकानं दाखवून दिलं. पण तेरच्या वस्तू जगापुढे आल्या त्या तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. पावसाळ्यानंतर टेकाडांच्या उतारावर उघड्या पडलेल्या, गावकऱ्यांना खणताना सापडलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं, हस्तिदंती काम अशा वीस हजारांहून अधिक वस्तूंचं शासकीय संग्रहालय आज त्यांच्या नावानं तेरमध्ये उभं आहे. डग्लस बॅरेट या अभ्यासकानं १९६० साली तेरवर पुस्तक लिहिलं, तेही या संग्रहाच्या बळावर. लामतुरे यांनी हे केलं नसतं तर त्यातलं बरंचसं मुंबईच्या दलालांच्या पेटीत गेलं असतं किंवा पोरांच्या खेळण्यात फुटून गेलं असतं. त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते काम आहे.

तरीही त्याच संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू ‘फरक काय पडतो’ या प्रश्नाचं उत्तर देते.

ती एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. दागिन्यांनी मढलेली, बहुधा आरशाची मूठ असावी अशी. तिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. त्यामुळे ती मूर्ती ७९ च्या आधीची, याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. तिसरी, तुटलेली पण त्याच घडणीची मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. ती १९७० च्या दशकात मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून केलेल्या रीतसर उत्खननात निघाली. भोकरदनची मूर्ती कोणत्या थरात होती, तिच्या बरोबरीनं कसली खापरं होती, हे लिहून ठेवलेलं आहे. म्हणून पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, अशी चर्चा अभ्यासक पुराव्यानिशी करू शकतात. तेरची मूर्ती मात्र आपल्याबद्दल स्वतः काही सांगू शकत नाही. ती कोणत्या थरात होती, घरात होती की कारखान्यात, शेजारी अर्धवट घडवलेला हस्तिदंत पडला होता का, यातलं काहीच हाती नाही. तिचा काळ ठरवायला दर वेळी पॉम्पेईला जावं लागतं. हस्तिदंताचे कसबी कारागीर खुद्द तेरमध्ये होते का, या मराठवाड्याला अभिमान वाटावा अशा प्रश्नाचं उत्तर त्या एका खड्ड्यात होतं. मूर्ती वाचली, उत्तर मातीत मिसळून गेलं.

हा एखाद-दुसरा अपवाद म्हणावा तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं उदाहरण आणखी ठसठशीत आहे. १९७४ साली तिथं एक भिल्ल कष्टकरी झाडाचं खोड खणून काढत असताना ब्राँझचे चार पुतळे निघाले: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ हाकणारा माणूस. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय उपखंडातल्या प्राचीन धातुकामात यांच्या तोडीचं फार थोडं आहे. ते किती जुने? म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी ते उत्तर हडप्पा काळाचे, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचे मानले. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण दाखवून ते बरेच अलीकडचे असू शकतात, असा आक्षेप घेतला. राव आणि साळी यांनी पुढच्या हंगामांत तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. पण पुतळे आधीच निघालेले होते आणि त्यांच्या भोवतीची माती विस्कटलेली होती. दोन हजार वर्षांचा फरक पाडणारा हा वाद आज पन्नास वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही. त्या कष्टकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, त्यानं तर ठेवा दडवलाही नाही. वाद मात्र त्या विस्कटलेल्या मातीनं जन्माला घातला.

जमिनीचे थर म्हणजे नेमकं काय, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. काळी आणि पांढरी ही जोडी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं एकाच जागी चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, शेण सारवलं गेलं, हाडं-राख-चुना मुरला की ती माती पांढुरकी होते आणि गाव आजूबाजूच्या रानापेक्षा उंचावतं. ओसाड पडलेल्या गावाची अशी पांढर आजही कितीतरी शिवारांत दिसते. ही माती माळवदावर अंथरली जाते कारण तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. शेतातही टाकली जाते कारण तिच्यात खताचा गुण असतो. गाडीगाडीनं, आणि अलीकडे ट्रॉलीट्रॉलीनं, ती उचलली जाते. दरवेळी त्या टेकाडाची एक बाजू उभी कापली जाते आणि त्या कापात जळालेले पट्टे, खापरांच्या ओळी, चुलीच्या लाल खुणा स्पष्ट दिसतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना; मधेच कोणी खड्डा खणला असेल तर तो वरून खाली घुसलेला दिसतो. पुरातत्त्वज्ञ चौरस आखून, मधे मुद्दाम न खणलेली भिंत राखून, एकेक थर वेगळा सोलतो तो याचसाठी. ती राखलेली भिंत म्हणजे त्याच्या कामाचा पंचनामा असतो. दुसऱ्या कोणालाही येऊन तो ताडून पाहता येतो. जेसीबीचं बकेट एका घासात तीन-चार शतकं उचलतं आणि ट्रॉलीत ती एकत्र ओतली की मग ब्रह्मदेवालाही ती वेगळी करता येत नाहीत.

आणि या थरांत काय असतं, तर बहुतेक वेळा गावकऱ्याला फेकून द्यावंसं वाटेल असंच. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. अहवाल १९८८ साली आला. सोन्याचा हंडा निघाला नाही. निघाले ते जळालेले जवाचे दाणे, जनावरांची हाडं, घरांच्या जमिनी, पाण्याचा पाट, आणि घरातल्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं. पण त्या दाण्यांनी आणि हाडांनी एक मोठी गोष्ट उलगडली. इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमारास आलेली ती माणसं पाट काढून जव पिकवत होती, ऐसपैस चौकोनी घरांत राहत होती. इसवी सनापूर्वी हजारनंतर पाऊसमान बिघडत गेलं, शेती आक्रसली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली आणि शेवटी, सातशेच्या सुमारास, वस्ती उठली. ढवळीकरांनी हा दुष्काळाचा इतिहास थराथरातून मांडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला या इतिहासाशी देणंघेणं नाही, असं कोण म्हणेल? लातूर-नांदेडच्या पांढरींमध्येही असे दाणे असतील, त्यांत कधी ज्वारी आली, कधी भात गेला, कुठल्या शतकात गाव उठलं याची नोंद असेल. ती मूर्तीत मिळणार नाही. चाळणीतून काढलेल्या आणि पाण्यात घोळवलेल्या मातीतच मिळेल.

किल्लारीचा विषय इथं टाळता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारला काही मिनिटं कमी असताना लातूर-धाराशिवच्या सीमेवरची जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदांच्या ओझ्याखाली गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसापर्यंत देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, इथं भूकंप होत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं होतं आणि इंजिनिअरही तेच मानत होते. भूकंपानंतर तिरुवनंतपुरमचे भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीत जमीन जिथं फाटली होती तिथं चर खणून मातीच्या थरांचा अभ्यास केला. त्याच तेरणा खोऱ्यातल्या तेरच्या प्राचीन अवशेषांकडेही ते त्याच नजरेनं वळले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या भागात असाच मोठा धक्का बसला असावा, अशी त्यांची मांडणी आहे. २००२ साली देशाचा नकाशा सुधारला गेला आणि लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या धक्क्याची खूण कोणत्याही मूर्तीवर नसते. थर मोडलेला, सरकलेला, एका बाजूला कललेला दिसतो, तीच त्याची नोंद. तो थर कुदळीनं किंवा जेसीबीनं आधीच उलथला असता तर वाचायला काहीच उरलं नसतं. उलट तेरणेच्या काठी असे थर लवकर, शांतपणे, अधिक ठिकाणी वाचले गेले असते, तर निदान ‘इथं भूकंप होत नाही’ हे वाक्य इतक्या निर्धास्तपणे कोणी छापलं नसतं. नवी घरं कशी बांधायची हा विचार कदाचित १९९३ च्या आधी सुरू झाला असता. जमिनीतल्या क्रमाची किंमत इतिहासाच्या शौकिनांपुरती आहे असं मानणाऱ्यांनी एकदा किल्लारीच्या जुन्या गावठाणातून चालून यावं.

आता गुप्तधनाबद्दल. पायाळू माणूस, भगत, अमावास्येची रात्र, देवळाच्या गाभाऱ्यात उकरलेला खड्डा, बाजूला काढून ठेवलेला नंदी, फुटलेली शाळुंका: या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या शिवमंदिरांना आणि गढ्यांना हे नवं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरून या हव्यासाची खोली कळते. याचा बचाव कोणी करत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट उघडपणे मांडली पाहिजे. हंड्यासाठी खोदणारा आणि ‘वस्तू निघाली, आता इतिहास वाचला’ म्हणणारा, दोघांचे हेतू जमीन-अस्मानाइतके वेगळे असले तरी जमिनीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सारखीच आहे. दोघांनाही आत काय दडलंय तेवढं हवं आहे. ज्यात दडलंय ते दोघांच्याही लेखी राडारोडा आहे.

आणि हा दोष गावातच आहे असं म्हणून विद्यापीठं आणि सरकारी खाती हात झटकू शकत नाहीत. उत्खनन ही पुन्हा करता न येणारी गोष्ट आहे. जो थर सोलला तो संपला. नंतर उरतो तो फक्त अहवाल. तेरला बा. ना. चापेकर यांनी १९५८ साली केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा वर्षं लागली, पण तो आला, म्हणून आजही तेरबद्दल लिहिणारा प्रत्येक जण तो उघडतो. देशभरात असे कितीतरी चर आहेत ज्यांचा अहवाल आलाच नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडत नसल्याचं दाखवलं, त्याचा गाजावाजा झाला. त्याच अहवालानं वर्षानुवर्षं न लिहिल्या गेलेल्या उत्खनन अहवालांवरही बोट ठेवलं होतं, त्याची चर्चा फारशी झाली नाही. हा दोष पहिल्याहून हलका नाही. परवाना काढून, चौरस आखून, मजूर लावून खणलं आणि लिहिलं नाही, तर त्या जागेचा नाश गुप्तधनवाल्याइतकाच पुरता झाला. उलट अधिकच, कारण विद्वानांनी निवडलेली जागा सहसा गावातली सर्वांत महत्त्वाची असते.

म्हणूनच ‘आमच्या गावात मोठं उत्खनन करा’ या मागणीला सरसकट हो म्हणणं चुकीचं आहे. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचंच पाहा. राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, दहाव्या शतकातला कंधारचा शिलालेख तिथल्या मंदिरांची आणि जगत्तुंगसमुद्र या तलावाची माहिती देतो. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे तिथं मिळाले आहेत. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे, म्हणजे बहुतेकांच्या मते आजच्या लातूरचे, अधिपती म्हणवत. त्याही आधी, वाशिमला १९३९ साली मिळालेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात नांदीकड येतं, ते नांदेड असल्याचं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. इतका वारसा असताना कुदळ चालवण्याची घाई होणं समजू शकतं. पण लेखातली मंदिरं नेमकी कुठं उभी होती, हे शोधायला पहिलं पाऊल खड्डा हे नाही. पहिलं पाऊल म्हणजे गावभर पायी फिरणं, जोत्यांचे दगड कुठल्या घरांच्या भिंतींत बसले आहेत ते टिपणं, तलावाचा जुना बांध मोजणं, नकाशा करणं.

होट्टलनं हे दाखवून दिलं आहे. देगलूर तालुक्यातल्या या चालुक्यकालीन गावात राज्य पुरातत्त्व विभागानं मंदिराच्या जतनाचं काम हाती घेतलं. २०२४ च्या अखेरीस तिथला मलबा सावकाश बाजूला करताना आणखी एका शिवमंदिराचं जोतं उघडं पडलं आणि इसवी सन १०७० च्या सुमाराचे तीन शिलालेख हाती आले. हे लेख मंदिराला दान देणाऱ्यांची माहिती सांगतात. पडलेला दगड कुठून पडला हे बघत बघत तो उचलणाऱ्यांना ते मिळाले. तोच मलबा ट्रॅक्टरला लावलेल्या फाळक्यानं एका दुपारी ढकलला असता, तर लेख कदाचित मिळाले असते, पण कोणत्या मंदिराचे ते सांगता आलं नसतं. अशा कामाला वेळ लागतो म्हणून चिडणाऱ्यांनी होट्टलला जाऊन ते जोतं पाहावं.

सर्वांत अवघड आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत न्याय्यही आहे. माझ्या रानात पांढर आहे हे कळवलं तर सरकार येईल, पाटी लावेल, शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई होईल आणि मोबदला काहीच मिळणार नाही. मग मी कशाला सांगू? राष्ट्रीय संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या कायदा दुरुस्तीनं शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवलं, हे खरं आहे. जुन्या किल्ल्याला खेटून राहणाऱ्या माणसाला संडास बांधायलाही परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात, हेही खरं आहे. या तक्रारीला इतिहासाच्या महतीचं प्रवचन हे उत्तर असू शकत नाही. पण बहुतेक पांढरी राष्ट्रीय स्मारक नाहीत आणि होणारही नाहीत. त्यांची फक्त नोंद हवी आहे. ती नोंद केल्याबद्दल, आणि माती न उचलल्याबद्दल, शेतकऱ्याला वर्षाला ठरावीक रक्कम द्यावी. माळरान आणि वनराई राखण्यासाठी पैसे देता येतात तर चाळीस पिढ्यांची राख राखण्यासाठी देता येणार नाहीत, असं नाही.

सापडलेल्या ठेव्याबद्दल तर कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मूळ मालक पुढे आला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारनं ठेवा स्वतःकडे घेतला तर त्याच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. दडवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावातला माणूस यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकून असतो. म्हणून नाणी सोनाराच्या मुशीत वितळतात. आपल्याच राज्यातल्या शेतकऱ्याला त्याचा हक्क न सांगता त्यालाच चोर ठरवायचं, हा कारभार थांबला पाहिजे.

दुष्काळाच्या कामांनाही हेच लागू आहे. जलयुक्त शिवार असो, नाला खोलीकरण असो की तरुणांनी श्रमदानातून केलेली बारवांची सफाई असो, पाण्यासाठी खोदणं थांबवा असं या भागात कोणी म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. पण बारवेतला गाळ हा नुसता चिखल नाही. कित्येक शतकं त्यात घागरी, दिवे, नाणी, पडलेले कोरीव दगड साठत गेले आहेत, आणि वरपासून खालपर्यंत त्यांना क्रम आहे. बारव स्वच्छ करणाऱ्या तरुणांनी दर हातभर खोलीला फोटो काढला, गाळ चाळला, वस्तू खोलीप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या तर कामाला दोन दिवस जास्त लागतील. एवढंच.

मोठ्या रस्त्यांचं मात्र एवढ्यावर भागणार नाही. नागपूर ते गोवा असा बारा जिल्ह्यांतून नेण्याचं ठरलेला शक्तिपीठ महामार्ग नांदेड आणि लातूरमधूनही आखला गेला. जमिनीवरून शेतकऱ्यांचा त्याला असलेला विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण असा कोणताही रस्ता, कालवा किंवा औद्योगिक वसाहत होणार असेल तर माती हलवण्याआधी त्या पट्ट्याची पुरातत्त्वीय पाहणी झाली पाहिजे आणि तिचा खर्च प्रकल्पानं उचलला पाहिजे. इंग्लंडनं १९९० पासून बांधकाम करणाऱ्यांवरच ही जबाबदारी टाकली. परदेशाचं उदाहरण नको असेल तर कृष्णेवरच्या नागार्जुनसागर धरणाचं घ्या. पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात, नागार्जुनकोंड्याचं खोरं खणून, मोजून, लिहून काढलं गेलं आणि निवडक वास्तू उंचावर हलवल्या गेल्या. नव्यानं स्वतंत्र झालेल्या, गरीब देशानं ते केलं. हजारो कोटींचा रस्ता आखणाऱ्या राज्याला ते परवडत नाही, हे कोणी सांगू नये.

यासाठी माणसं नाहीत असंही नाही. नांदेडला राज्य पुरातत्त्व विभागाचं विभागीय कार्यालय आहे. १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तिथंच आहे आणि लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत दरवर्षी इतिहास शिकणारी मुलं आहेत आणि त्यातली बहुसंख्य अशाच गावांतून येतात जिथं पांढर आहे. त्यांना दोन उन्हाळे गावोगाव पाठवलं, प्रत्येक पांढर, गढी, बारव, वीरगळ आणि ऑइल पेंटखाली गेलेला प्रत्येक शिलालेख मोबाइलवर जागेसह टिपून घेतला, तर पहिल्यांदाच या दोन जिल्ह्यांना आपल्या जमिनीत काय आहे त्याची यादी मिळेल. गावातल्या म्हाताऱ्यांना ओसाड गावांची नावं आजही पाठ आहेत. ती याच उन्हाळ्यात विचारायला हवीत. यादी तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावी. पांढरीची माती उचलण्याचा परवाना देताना ती उघडली जावी. आणि निखात निधी कायद्याचा सोपा मराठी मजकूर, हिश्शाच्या आकड्यांसह, तिच्याच शेजारी लागावा.

कंधारमध्ये तर यादीचीही वाट पाहायचं कारण नाही. जुन्या पेठेत दरवर्षी घरं पाडून नवी बांधली जातात आणि पायासाठी पाच-सहा फूट खोल चर पडतात. नगरपालिकेनं बांधकाम परवान्याबरोबर एवढीच अट घालावी की चर भरण्याआधी एक दिवस तो उघडा राहील आणि प्रशिक्षित विद्यार्थी येऊन त्याच्या भिंतींचं मोजमाप आणि फोटो घेईल. घरमालकाचा खर्च शून्य, खोळंबा एका दिवसाचा. दहा वर्षांत दीड-दोनशे चरांची नोंद झाली, तर दहाव्या शतकातल्या त्या लेखातली देवळं कुठल्या गल्लीखाली आहेत, हे एकही मोठा खड्डा न घेता नकाशावर उमटू लागेल. आणि मग, नेमक्या त्या जागी, अहवालाची तारीख आधी ठरवून, उत्खनन मागायला हरकत नाही.